तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या डिफेन्सवर टीम वर येते का?

"मॅडम, आमच्या मुलाला तुम्ही सारखं डिफेन्सलाच पळवता. त्यावर कुणाचं नाव झालंय का आजवर?" मी मुलांना बास्केटबॉल शिकवते, आणि हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं, आता तोच येणार. पाठोपाठ दुसरा ठरलेला असतो: "आणि तो तुमचा ओक्लाहोमाचा पोरगा, फर्स्ट इयरचा, त्यानं एकट्यानं असं काय केलं?" तो किस्सा मी मुलांना सांगते, मुलं घरी जाऊन सांगतात. हेल्मेट हातात घेऊन कोर्टाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

२०१२ मध्ये मी एम.एस.साठी स्टिलवॉटरला गेले. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीचं हे गाव. युनिव्हर्सिटी उचलून नेली तर मागे फारसं काही उरायचं नाही. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये खेळलेली असल्यामुळे तिथे पोचल्यावर आधी कोर्ट शोधलं. मॅचेस होतात त्या इमारतीचं नाव गॅलाघर-आयबा अरिना. त्यातले एड गॅलाघर कुस्तीचे कोच, हेन्री आयबा बास्केटबॉलचे. वस्तादाचं नाव आधी लागतं हे ऐकून माझी कोल्हापूरची रूममेट जी खूश झाली, ती दोन वर्षं मला ऐकवत राहिली. आयबांच्या टीमनं १९४५ आणि १९४६ मध्ये लागोपाठ राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं, तेही मुख्यतः डिफेन्सच्या जोरावर. म्हणजे त्या गावाला डिफेन्स कळत होता. टीम मात्र तेव्हा बेताचीच होती. आदल्या सीझनला १५ जिंकल्या, १८ हरल्या. वर सगळ्यांत जास्त पॉइंट करणारा कीटन पेज शिक्षण संपवून गेलेला. पावणेसहा फुटांचा, लांबून टाकणारा, शेजारच्याच पॉनी गावचा, लोकांचा फार लाडका. सगळ्यांच्या तोंडी एकच: आता पॉइंट कोण करणार?

त्याच्या जागी टेक्सासहून मार्कस स्मार्ट आला. सहा फूट चार इंच, गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या खेळाडूच्या मानानं अंगानं चांगला आडवा, आणि शूटिंग यथातथाच. यथातथा मी म्हणते असं नाही. पूर्ण सीझनमध्ये त्याचे साधारण ४० टक्के शॉट पडले आणि लांबून टाकायचे थ्री-पॉइंटर तर २९ टक्के. आपल्याकडच्या कुठल्याही सिलेक्शन कमिटीनं या आकड्यांवर त्याला घरी पाठवलं असतं. आणि त्या सीझनचा हिशेब असा: २४ विजय, ९ पराभव. पॉइंट करणारा गेला, अडवणारा आला आणि नऊ विजय वाढले. स्मार्टला बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या परिषदेचा (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) प्लेअर ऑफ द इयर निवडलं. फ्रेशमनला, म्हणजे कॉलेजात पहिलंच वर्ष असलेल्या पोराला.

कोण्या जाणकारानं लगेच म्हणावं की मॅचमागे १५.४ पॉइंट होते त्याचे, मग नुसता डिफेन्स कसला? मान्य. पण हे पॉइंट आले कुठून ते बघा. बॉल काढून घेऊन धावत जाऊन केलेले ले-अप, म्हणजे बास्केटजवळून टाकलेले सोपे शॉट, आणि फाउल मिळवून टाकलेले फ्री थ्रो, यांचा त्यात मोठा वाटा. पॉइंट हे त्याच्या डिफेन्सला लागलेलं फळ होतं.

आता तो नेमकं काय करायचा ते सांगते, कारण टीव्हीवर कॅमेरा बॉलवर असतो आणि हे दिसत नाही. तेव्हा पुरुषांच्या कॉलेज मॅचमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायची मुदत, ३५ सेकंदांचं होतं (पुढे २०१५ मध्ये ३० झालं). समोरच्या पॉइंट गार्डला मोकळं सोडलं तर तो सहा-सात सेकंदांत बॉल पुढे आणतो, कोचकडे बघतो, बोटं दाखवून प्ले सांगतो आणि खेळ सुरू होतो. स्मार्ट त्याला हाफ कोर्टच्या अलीकडेच गाठायचा. गुडघे वाकलेले, छाती त्याच्या छातीसमोर, एक हात खालून बॉलकडे आणि दुसरा पासच्या वाटेत. मग तो गार्ड बॉल वाचवायला पाठ फिरवतो. पाठ फिरवली की त्याला स्वतःची टीम दिसत नाही. कोपऱ्यात मोकळा उभा असलेला त्यांचा शूटर हात वर करून उभाच. प्ले सुरू होईपर्यंत बारा-चौदा सेकंद गेलेले, तोही ठरल्या जागेपासून दोन-तीन पावलं मागून. शेवटी घड्याळ बघत कुणीतरी वेडावाकडा शॉट टाकतो, तो हुकतो, परत आलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, आपला. या सगळ्यात स्मार्टच्या नावावर काय लागलं? काहीच नाही. स्कोअरशीटवर समोरच्याचा एक मिस आणि आपल्या उंच पोराचा एक रिबाउंड.

मागच्या फळीचंही तसंच. गार्ड चकला की बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच खेळाडूला आपला माणूस सोडून मदतीला यावं लागतं. त्याचा माणूस मोकळा सुटतो, याला फाउल लागतो, आणि कॉलेजमध्ये पाच फाउल झाले की बाहेर. गार्ड चकलाच नाही तर मागचे सगळे आपापल्या जागी, दम राखून. ओक्लाहोमा स्टेटकडे मार्केल ब्राउन आणि लेब्रायन नॅश आधीपासून होते, दोघंही उड्या मारण्यात तरबेज. आदल्या वर्षीही तेच दोघं होते आणि टीम हरतच होती. फरक असा पडला की आता मॅचमागे सरासरी तीन वेळा स्मार्ट बॉल काढून घेत होता आणि हे दोघं पुढे सुटलेले असायचे. समोरच्यांनी बॉल बाहेर घालवला तर खेळ थांबतो, त्यांना परतून उभं राहायला वेळ मिळतो. हातातून काढून घेतला तर ते पाचही जण उलट्या दिशेला तोंड करून असतात.

२ फेब्रुवारी २०१३, शनिवार. लॉरेन्सला, त्यांच्याच गावी, कॅन्ससविरुद्धची मॅच आम्ही सातजणींनी एका छोट्या टीव्हीवर बघितली. कॅन्सस देशात दुसऱ्या नंबरवर, घरच्या कोर्टावर लागोपाठ ३३ जिंकलेले. त्यांचे कोच बिल सेल्फ, हे स्वतः ओक्लाहोमा स्टेटचेच माजी खेळाडू. आम्ही ८५-८० नं जिंकलो. ब्राउनचे २८ पॉइंट, स्मार्टचे २५, शिवाय ९ रिबाउंड आणि ५ स्टील, म्हणजे हातातून काढून घेतलेले बॉल. मॅच संपल्यावर त्यानं भर कोर्टात बॅकफ्लिप मारली. ती कॅन्ससवाल्यांना भयंकर झोंबली, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घरात असं करू नये. आमच्या खोलीत मात्र त्या वेळी हे म्हणायला कुणी तयार नव्हतं.

नवा पोरगा अख्खी टीम वर कशी उचलतो, याचं माझं उत्तर थोडं व्यवहाराचं आहे. नवा शूटर आला की त्याला बॉल कुणाच्या तरी हातातून काढून द्यावा लागतो. सीनियरचे शॉट कमी होतात, कुजबुज सुरू होते, हे मी नागपूरला पाहिलंय आणि तिकडेही वेगळं नसतं. अडवणारा नवा पोरगा कुणाकडून काहीच घेत नाही. त्याला बॉल नको, प्ले नको, कुणाचा विश्वास बसायची वाट बघायला नको. उलट सीनियरला फुकटचे ले-अप मिळतात, म्हणून तो पहिल्या महिन्यातच सगळ्यांना हवासा होतो. शिवाय प्रॅक्टिसमध्ये रोज तो याच सीनियर लोकांना अडवत असतो. अठरा वर्षांचा पोरगा सुट्या बॉलवर अंग झोकून देताना दिसल्यावर तिसऱ्या वर्षाच्या माणसाला कंबरेवर हात ठेवून उभं राहायची लाज वाटते. कोचनं दहा वेळा ओरडून जे होत नाही ते इथे होतं. शूटिंगचं हे असं पसरत नाही. शेजारच्याचे शॉट पडतात म्हणून माझे पडायला लागले, असं कधी घडलेलं नाही.

बास्केटबॉल न बघणाऱ्या आजोबांना मी एकनाथ सोलकरांचं नाव सांगते. २७ कसोटींत ५३ झेल. पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला ते उभे असल्यामुळे फलंदाज स्पिनरपुढे पाय टाकायला जो बिचकायचा, त्याचा आकडा कुठे आहे? आजोबांना तेवढ्यात कळतं. आईबाबांना वेळ लागतो.

स्टीलच्या आकड्यालाही फार भुलू नका, हे त्यातल्या त्यात जागरूक पालकांसाठी. बॉलवर झडप घालून चुकलात तर मागे चारजण पाचांना अडवत राहतात. आमच्याकडे हात फार चालणाऱ्या मुलांसाठी नॅपकीन आहे. मानेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं छातीशी मुठीत धरायची आणि फक्त पायांवर समोरच्याला अडवायचं. सातवीतली एक मुलगी हे इतकं छान करते की मोठी मुलं तिच्यासमोर ड्रिबल करायला टाळाटाळ करतात. तिचे पाय कधी एकमेकांना कात्री मारत नाहीत आणि नजर समोरच्याच्या पोटावर असते. बॉल फसवतो, डोळे फसवतात, पोट कुठे जाणार?

उंचीचं म्हणाल तर टेनेसी युनिव्हर्सिटीकडून खेळलेला झकाय झीगलर पाच फूट नऊ इंचांचा आहे. २०२१ मध्ये अगदी शेवटच्या घडीला त्याला टीममध्ये घेतलं, बेंचवरून येऊन तो समोरच्या गार्डना हैराण करायचा, आणि २०२२ मध्ये टेनेसीनं आपल्या परिषदेची स्पर्धा १९७९ नंतर पहिल्यांदा जिंकली. मुलींच्या पालकांसाठी हॅना हिडाल्गो: नोत्र दाम युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, मॅचमागे ४.६ स्टील. नोत्र दामच्या परिषदेतली सर्वोत्तम नवी खेळाडू तीच आणि सर्वोत्तम डिफेंडरही तीच.

आता या कथेतला जो भाग मुलं घरी सांगत नाहीत, तो. त्या २४ विजयांच्या सीझनचा शेवट राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच मॅचमध्ये झाला. पाचवं मानांकन असून बाराव्या मानांकनाच्या ओरेगॉननं ६८-५५ हरवलं. स्मार्ट एनबीएला, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगला, न जाता दुसऱ्या वर्षी परत आला आणि सगळ्यांना वाटलं, आता बघाच. डिसेंबरअखेर मायकेल कॉबिन्सच्या टाचेची शीर तुटली. हा सहा फूट आठ इंचांचा पोरगा, बास्केटखाली शॉट अडवणारा. फेब्रुवारीत स्मार्टनं एका प्रेक्षकाला ढकललं आणि तीन मॅचेसची बंदी ओढवून घेतली. त्या तीनही हरलो. पण घसरण त्याच्या आधीच सुरू झाली होती, हेही खरं. बंदीपूर्वीच्या चार मॅचेस तो खेळत असतानाच गेल्या होत्या. सीझन २१-१३ वर संपला.

माझ्या मते त्यात कॉबिन्स नसल्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा मोठा होता. पुढे अंगावर जाऊन अडवणारा गार्ड तेव्हाच बिनधास्त खेळतो जेव्हा चुकलो तर मागे कुणीतरी उंच उभं आहे हे त्याला माहीत असतं. ते नसलं की तोच गार्ड एक पाऊल मागे सरकतो, आणि त्या एका पावलात समोरचा मान वर करून प्ले सांगून मोकळा होतो. स्मार्टचं पुढे चांगलंच झालं. एनबीएच्या बॉस्टन टीमनं २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि २०२२ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. गार्डला तो मान १९९६ मध्ये गॅरी पेटनला मिळाला होता, त्यानंतर थेट यालाच. म्हणजे नावही झालं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर.

तेव्हा ज्यांची मुलं उंच आहेत आणि "याला डिफेन्सची काय गरज, हा वरून बॉल टाकतो" असं म्हणतात, त्यांनी खरं तर मला जास्त वेळा भेटायला हवं. शूटिंग मंगळवारी आणि गुरुवारी असतं. शनिवारी डिफेन्स. शनिवारच्या दांड्या जरा कमी करा, आणि येताना नॅपकीन द्या बरोबर.