दोरीपलीकडचं अंजन

३१ जुलै जवळ आली की आमच्या बीटवर, म्हणजे वनखात्यानं आम्हाला नेमून दिलेल्या जंगलाच्या भागात, कुणाला धड झोप नसते. १९३७ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या आठवणीसाठी दरवर्षी माणसं इथे डोंगर चढून येतात. निळे झेंडे, कडेवर पोरं, फडक्यात बांधलेल्या भाकरी. गर्दीनं पायवाट सोडू नये, एवढं पाहणं वनरक्षक म्हणून माझ्याकडे.

त्या वर्षी मी पहाटेच वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधली. समोर लळिंगचा किल्ला ढगात होता. फारुकी राजांचा तो गड, पाऊस असला की महामार्गावरूनही दिसत नाही.

दहाच्या सुमारास एक म्हातारी दोरीपाशी वाकून बसली. चक्कर आली असेल म्हणून मी पाणी घेऊन धावलो. तिनं पाण्याकडे पाहिलंही नाही.

"भाऊ, तुन्ही दोरी चुकनी. खाले देख, अंजन उगेल शे."

गवतात अंजनाच्या झाडाची बोटभर रोपं होती. नाजूक दांड्यावर दोन-दोन पानांच्या जोड्या. एप्रिल-मेमध्ये वाऱ्यानं उडालेल्या पंखवाल्या शेंगा पहिल्या पावसात रुजल्या होत्या, आणि मी त्यांच्या मधोमध वाट आखून दिली होती. हजारभर पावलं तरी पडली असती त्यांच्यावर.

अंजनाच्या लाकडाचा कठीणपणा आम्हाला शिकवलेला. पण ते आधी खाली वाढतं, हे त्या माउलीनं हातानं मातीत रेघ ओढून सांगितलं. मूळ खोल जाईपर्यंत वरचा कोंब उन्हाळ्यात वाळतो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो. अशी वर्षं जातात. गाव तिचं साक्रीकडचं. लहानपणी वडील अंजनाच्या सालीचे दोर वळायचे, दुष्काळात गुरांना त्याचाच पाला घालायचे.

मला फार लागलं ते. रोपवनातले खड्डे मी मोजले, जगलेली रोपं मोजली, नोंदवहीत आकडे लिहिले. आपोआप उगवलेल्या जंगलाला मात्र माझ्या वहीत रकानाच नव्हता.

"माय, जरा बाजूला व्हा," म्हणालो आणि खुंट्या उपटल्या. दोरी पंधरा पावलं खाली, खडकाळ भागाकडे नेली. वाट थोडी अवघड झाली, पण रोपं का वाचवायची ते सांगितल्यावर लोक सांभाळून गेले. दोन तरुण पोरं तर दुपारपर्यंत तिथेच उभी राहिली.

म्हातारी बंगल्यावर जाऊन, हात जोडून परतली. उतरताना तिनं रोपांभोवती चार दगड ठेवले आणि मला सांगितलं, "उन्हाळामा काटा टाकजो."

मार्चमध्ये मी बाभळीच्या काट्या टाकल्या.