फ्रेंच उच्चार, प्रगतीची नोंद: कोंदिसिओनेलमधले ‘नू’ आणि ‘वू’

वर्तमानकाळ आता तोंडात बसलाय. ‘इल पार्ल’च्या (ते बोलतात) शेवटी लिहिलेलं ई-एन-टी न उच्चारता पुढे जाणं आपोआप होतं. म्हणून सध्या सगळा वेळ कोंदिसिओनेलला, म्हणजे संकेतार्थाच्या रूपांना देतेय. त्यातही फक्त ‘नू’ (आम्ही) आणि ‘वू’च्या (तुम्ही), कारण सिलॅबलचं गणित खरं तिथेच रंगतं.

दॉने, म्हणजे ‘देणे’, हे क्रियापद घ्या. भविष्यकाळात ‘नू दॉनरों’. मधला ‘अ’ बोलताना गळतो आणि दोनच सिलॅबल उरतात: दॉन्-रों. आपण ‘करतो’ लिहून ‘कर्तो’ म्हणतोच, त्यामुळे हे शिकावंही लागत नाही. कोंदिसिओनेलमध्ये मात्र तोच ‘अ’ गाळायचा नाही: दॉ-न-ऱ्यों, तीन सिलॅबल. तो गाळला तर न, र आणि य एकमेकांना चिकटतात, आणि फ्रेंचला हे त्रिकूट चालत नाही.

यातला ‘ऱ्य’ मराठी माणसाला आयता मिळतो. ‘सूर्याला’ म्हणताना र् आधीच्या सिलॅबलला जाऊन टेकतो. ‘दुसऱ्याला’मध्ये र आणि य मिळून पुढच्या सिलॅबलची सुरुवात करतात. फ्रेंचला हवा तो हा दुसरा. पण ‘दुसऱ्या’ म्हणताना आपण ‘स’मधला ‘अ’ खातो, आणि ती सवय दॉनऱ्योंत घातक. म्हणून टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणते: दॉ, न, ऱ्यों. सऱ्यों (असणे), फऱ्यों (करणे), पुऱ्यों (शकणे) यांना दोनच ठोके.

आता ‘नू वुद्रियों’, ‘आम्हाला आवडेल’. इथे र च्या आधी द चिकटलेला आहे, मध्ये गाळायला किंवा ठेवायला ‘अ’ नाहीच. मग ‘इ’ पूर्ण स्वर होतो: वु-द्रि-यों. ‘वू वुद्रिये’चंही तसंच. व्यंजनाला जोडून र किंवा ल आला आणि पुढे असा ‘इ’ असला, की हा नियम लागतो. ‘विसरणे’ ऊ-ब्लि-ये होतं, पण ‘अभ्यास करणे’ ए-त्यु-दि-ये नव्हे, ए-त्यु-द्ये. जुने कवी अशा शब्दांत एक सिलॅबल कमी मोजत. नाटककार कॉर्नेयच्या 1637 च्या ‘ल सिद’ या पद्यनाटकात ‘मर्त्रिये’, म्हणजे खुनी, हा शब्द तीन सिलॅबलचा धरला तरच ओळीची बारा सिलॅबल भरतात. हे मोजून पाहिलं तेव्हा फार आनंद झाला.

पुढचं काम कुरीर, ‘धावणे’. अँपार्फेत, म्हणजे अपूर्ण भूतकाळात, ‘ज (मी) कुरे’, कोंदिसिओनेलमध्ये ‘ज कुर्रे’. फरक फक्त लांबवलेल्या र चा. ‘मरणे’ म्हणजे मुरीर, त्यालाही हेच लागू. पुऱ्योंत मात्र र दोनदा लिहितात आणि एकदाच म्हणतात. ‘कुरे’ आणि ‘कुर्रे’ पाठोपाठ रेकॉर्ड करून ऐकतेय. सावकाश बोलताना दोन्ही वेगळे ऐकू येतात. वाक्याच्या ओघात अजून नाही.