आमची वाटचाल : फाशावरचा शिक्का

बाबा इतवारीत पटवेकाम करायचे. सराफाकडचा डाग, म्हणजे दागिना, ओवायला आमच्याकडे यायचा, त्यामुळे दागिन्याची मागची बाजू आम्हाला लहानपणापासून ओळखीची. मी दुकान हाती घेतलं तोवर ओवायचं काम आटत आलं होतं आणि जुन्या ठुश्या, वज्रटीका, बोरमाळा मोडीत निघून सरळ मुशीत जात होत्या. त्या वितळवायच्या नाहीत. दुरुस्त करायच्या आणि खरी माहिती देऊन विकायच्या, असं ठरवलं. घरच्यांना हे खूळच वाटलं.

खरी माहिती देणं हेच जिकिरीचं. गिऱ्हाईक आधी भिंग मागतं आणि 916 शोधतं. हजारात 916 भाग सोनं, म्हणजे 22 कॅरेट. 750 म्हणजे 18. पण बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) सोन्याचं हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धता तपासून शिक्का मारणं, सुरू झालं 2000 साली, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक डागाचा वेगळा ओळख क्रमांक, आला 2021 मध्ये. आजीच्या पाटल्यांवर तो कुठून असणार? तिथं फार तर पेढीची आद्याक्षरं, कधी तीही नाहीत. तेवढ्यानं सोनं हलकं ठरत नाही. शिवाय 1963 च्या सुवर्ण नियंत्रणानंतर काही वर्षं 14 कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदीच होती. त्या काळातला डाग कसाला कमी उतरला, तर सोनाराला लगेच चोर म्हणू नका.

शिक्का आहे, तर तो कुठे आहे? माळेत बहुधा फाशावर, म्हणजे माळ अडकवायच्या कडीवर. आणि फासा आधी झिजतो, आधी बदलला जातो. नव्या फाशावर 916 आणि पुढे लाखेवर चढवलेल्या हलक्या पत्र्याचे मणी, अशा माळा आमच्याकडे येतात. म्हणून कसोटीवर मणी वेगळा घासतो, फासा वेगळा. लाखेचं वजन सोन्यात धरत नाही, पावतीवर तसं लिहून देतो.

‘केडीएम’ ऐकून खूश होणारेही पुष्कळ. तो शुद्धतेचा दर्जा नव्हे. डाकात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम आहे, एवढंच त्यातून कळतं. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नसतेच; तांबं, जस्त, निकेल.

मोठा सौदा असला की आम्हीच गिऱ्हाइकाला आधी हॉलमार्किंग केंद्रात धाडतो. घरचा जुना डागही तिथं तपासून मिळतो. काहीजण तिकडूनच परस्पर मोडीला जातात. त्यालाही इलाज नाही.