गुळाचा खडा
आज काकांचे पलटणीतले दोन सोबती घरी आले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले. काका १९७१ च्या युद्धात जमालपूरला (आजच्या बांगलादेशात) शहीद झाले. त्यांची पलटण पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. १०-११ डिसेंबरची रात्र. आम्हा पोरांना एवढंच ठाऊक, आणि भिंतीवरचा फोटो.

सोबत्यांतला एक सांगू लागला. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिघं खंदकात बसले होते, थंडी मरणाची. काकांनी खिशातला गुळाचा खडा दातांनी फोडून तिघांत वाटला. "सगळ्यात लहान तुकडा त्यानं स्वतःला ठेवला, वहिनी."

काकूला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आज पदर डोळ्याला गेला. "घरीपण असंच करायचे," एवढंच बोलली.

निघताना दोघांनी फोटोला सॅल्यूट केला. एकाचा हात थरथरत होता, तरी त्यांनी तो बराच वेळ खाली घेतला नाही.