एकेरी तुटक रेषा

गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. या रेषा वाचण्यातच माझी उभी नोकरी झाली. भूकरमापक होतो. आमची मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे आणे, म्हणजे सारखे भाग, 16. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरायची, म्हणजे बरोब्बर चार आणे. निवृत्तीनंतर आता सिंहगड रोडच्या मंडळींबरोबर रविवारी घाटवाटा उतरतो, तेव्हा पायाखाली बहुतेक ठिकाणी एक आणासुद्धा वाट नसते, तो भाग वेगळा.

मुळशीच्या पश्चिम अंगाला, कड्याच्या अलीकडे, मे महिन्याच्या शेवटी आम्हाला एक नवं कुंपण आडवं आलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, वर हिरवी जाळी. फाटकावर ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला गावातलाच एक पोरगा.

“काका, आत सोडता येणार नाही. शेठनी सांगितलंय.”

“आत यायचंच नाही बाबा, पलीकडे जायचंय,” मी म्हटलं. त्याला हसू आलं, पण त्यानं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

आमचा हा संवाद चालू असताना मागून एक बाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्यात बांधलेले आंबेमोहर तांदूळ. लेक खाली कोकणात दिलीय, तिच्याकडे निघाल्या होत्या. पोरानं उठून कोपऱ्यातली जाळी वर उचलून धरली, बाई वाकल्या, पाटी आधी आत सरकवली, मग स्वतः गेल्या. पदर तारेला अडकला तो त्यानंच सोडवला. “आत्याला कसं अडवू? दाराला दार लागून राहते,” तो म्हणाला. आम्ही करवंदीच्या जाळ्यांतून लांबचा वळसा मारला आणि अंगभर ओरखडे घेऊन नाळेच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या अरुंद घळीच्या, तोंडाशी पोचलो.

आमच्या गटातला एकजण परतताना भलताच तापला होता. कोर्टात जाऊ म्हणाला. त्याला समजावायला मला गाडीत खडकवासला येईपर्यंत बोलावं लागलं. 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे, त्याच्या कलम 5 खाली तहसीलदार रस्त्यातला अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. पण अर्जदार कोण हवा? ज्याची शेताकडे जायची वहिवाट अडली तो. जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून रस्ता देतं, तेही शेत असणाऱ्यालाच. आपण पडलो सॅकवाले. आपलं तिथं काय अडलं? कायद्याच्या भाषेत सांगायचं तर हौस.

मला गंमत वाटते ती याच संहितेच्या कलम 20 ची. सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या, असं हे कलम सांगतं आणि त्याच दमात भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळही सरकारचाच, असंही सांगतं. घाटातली वाट आणि ती जिथं जाऊन संपते तो समुद्र, दोन्ही एकाच वाक्यात. मीठ, सुकी मासळी वर यायची, धान्य खाली जायचं, ते याच वाक्यातून म्हणा ना.

आता वाट ‘सार्वजनिक’ होती हे दाखवायचं कशानं? एक तर जुना गाव नकाशा. दुसरं, सातबाऱ्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीबाहेरचं क्षेत्र. त्याचे वर्ग दोन. ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. ‘ब’ म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, लोकांच्या वापराचं पाणी अशासाठी राखलेलं क्षेत्र, ज्यावर सारा लावलेला नाही. प्लॉट दाखवणारा एजंट सूर्यास्त दाखवतो, हा रकाना दाखवत नाही. अडचण अशी की 1947 च्या कायद्यानंतर जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि काही गटनकाशांत जुन्या पायवाटा उतरल्याच नाहीत. म्हणून मोबाइलवर गट नंबर टाकून ‘इथं वाटच नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्याला जुना नकाशा विचारावा.

नाणेघाटाची चिंता नाही. तिथं लेणं आहे, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो रांजण आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं बारा किल्ले यादीत घेतले, त्यात आपले राजगड, शिवनेरी, लोहगड आले, पाण्यातले खांदेरी आणि सिंधुदुर्गही आले. आनंदच आहे, आम्ही पेढे वाटले. पण या किल्ल्यांना एकमेकांशी आणि बंदरांशी जोडणाऱ्या वाटांवर दाखवायला काही नसतं. खडकात खोदलेल्या चार पायऱ्या, एखादं पाण्याचं टाकं, शेंदूर लावलेला दगड. एवढ्यावर कोण पाटी लावणार? शेठची मात्र लागते.

माझी सासुरवाडी गुहागर तालुक्यातली. तिथं पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, कुणी विकू शकत नाही, ती विकत घ्यायची गरजही नाही. दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, समुद्राकडे उतरणारी पाखाडीची वाट बंद केली की काम झालं. दोन्हीकडच्या वाड्या एकानंच घेतल्या आणि तोंडाला लोखंडी गेट बसवलं. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची. दोन हॉटेलं किंवा रिसॉर्ट यांच्या मध्ये किमान 20 मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण हे हॉटेल-रिसॉर्टांचं झालं. बंगला म्हणजे रिसॉर्ट नव्हे. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, “भावजी, बंद कुठे आहे? मालक पुण्याला असले की गेट उघडंच असतं.” मालक कोथरूडचे. म्हणजे वर मुळशीत आम्हाला अडवणारे आणि खाली गुहागरला त्यांना अडवणारे, दोघंही आपल्याच पेठेत श्रीखंड घेताना भेटायचे.

हवाईत 1892 साली, राणी लिलिउओकलानीच्या कारकिर्दीत, एक कायदा झाला. त्या वेळी असलेल्या जुन्या वाटा त्यामुळे सार्वजनिक ठरल्या. पुढं जमीन कितीही हात बदलो, वाट सरकारचीच. मला यातलं वर्ष आवडतं. एक तारीख ठरली की वाद निम्मा मिटतो. आपल्याकडे तर इंग्रजांच्या काळातली मोजणी आहे, नकाशे अभिलेख कक्षात दप्तरात बांधून पडलेत. त्या नकाशात जी पायवाट असेल ती सार्वजनिक धरा आणि ती नाही हे कुंपण घालणाऱ्यानं सिद्ध करावं. आज उलटं आहे. चालणाऱ्यानंच सिद्ध करायचं. तेही दरवेळी नव्यानं, दर गटाला वेगळं.

तोवर आहे त्यातच काम करायचं. तांदूळवाल्या बाईंच्या दिराचं नाचणीचं शेत कुंपणाच्या पलीकडे आहे, कड्याच्या तोंडाशी. म्हणजे कलम 5 चा अर्जदार सापडला. मी जुन्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज दिलाय, फी भरलीय. अर्जाचा मसुदाही लिहून ठेवलाय, त्यावर त्याची सही हवी. त्याला कटकट नकोय, पुतण्या तिथं नोकरीला आहे हेही खरं. भातकापणी उरकू द्या म्हणतो. या अर्जाची मुदत अडथळा आल्यापासून सहा महिने. मेअखेरची तार, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत तहसिलीत आवक शिक्का पडायला हवा. कापणीला माणसं कमी पडतायत असं तो म्हणाला, तेव्हा येत्या रविवारी आमचा अख्खा गट विळे घेऊन तिकडंच जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि जेवणाचा डबा आपापला आणा.