तुम्ही विचारलंत म्हणून: इपे या अतिशय कठीण लाकडात स्क्रू का तुटतो?

प्रश्नाला शेपूट ठरलेलं असतं: "भोक तर पाडलं होतं की!" पाडलं असेल. केवढं?

इपेचा घनमीटर हजार किलोच्या वर जातो. फळी पाण्यात बुडते. मऊ लाकूड दबतं आणि आट्यांना जागा देतं. इपेत दबायला पोकळी फारशी नसतेच. मग घर्षण वाढतं, स्क्रू तापतो आणि मुंडीखाली पिळवटून तुटतो. स्टेनलेसचा आधी, कारण तो कडक केलेल्या पोलादापेक्षा नरम.

भोकांच्या मापांच्या तक्त्यात मऊ लाकडासाठी दिलेलं माप इथे चालत नाही. आटे सोडून मधल्या दांड्याची जाडी कॅलिपरनं मोजा. खालच्या लाकडासाठी ड्रिलचं बिट तेवढंच घ्या, किंवा केसभर मोठं. वरच्या फळीतलं भोक मोकळं हवं: 10 नंबरचा स्क्रू साधारण 4.8 मिमी, तर भोक 5. खोली स्क्रूइतकी पूर्ण. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर तोच भुसा दाबून बसतो आणि बिट जाळतो. आट्यांना मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा पोलादी आधी फिरवून आटे पाडून घ्या.

भोक मोठं केलं की पकड जाते, असं मीच सांगत असे. चूक होतं. पण पातळ फळीत, आटे जेमतेम चार-पाचच बसतात तिथे, ते पूर्ण चूक होतं असंही म्हणवत नाही.

आता तुटलाच, तर. तुकड्यावर साधं बिट धरू नका. ते पोलादावरून घसरून शेजारच्या लाकडात शिरतं आणि एका भोकाची दोन होतात. दाते असलेली पोकळ नळी लागते, आणि तीही नुसती हातानं धरली तर नाचते. म्हणून एका फालतू फळीला नळीच्या मापाचं भोक पाडा, ती तुकड्यावर नेमकी बसवून क्लॅम्पनं आवळा, त्यातून नळी हळू उतरवा. धूर दिसला की थांबा. गाभा स्क्रूसकट हलवून मोडून काढा. खड्ड्यात इपेचीच खुंटी, एपॉक्सीनं. चिकटवण्याआधी दोन्हीकडे ॲसिटोन फिरवा, कारण लाकडातलं तेल सांधा धरू देत नाही. नवा स्क्रू मात्र खुंटीत नको. तिच्या टोकाकडून आटे रेषांच्या दिशेनं शिरतात, पकड कमी. दोन-तीन सेंटिमीटर सरकून नवं भोक पाडा. खुंटीचा डाग दिसणार. तो झाकायचा उपाय मला विचारू नका.

आणि तो पिवळट हिरवा भुसा नाकात जाऊ देऊ नका. पुष्कळांना त्यानं खाज सुटते, श्वासाचाही त्रास होतो. रुमाल पुरत नाही, मास्क लावा.