जमीन तीस वर्षांची, सुट्ट्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत

नाशिकजवळ गंगापूर धरणाकडून गिरणाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर द्राक्षबागांच्या मध्ये रिसॉर्टं उभी राहू लागली, तसे भाडेपट्ट्याचे मसुदे माझ्या टेबलावर वाढले. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या (सीबीएस) ऑफिसात मी जमिनीचेच कागद पाहते. अण्णा आणि त्यांचा इंजिनियर मुलगा घेऊन आले तो मसुदा मात्र नेहमीच्या पठडीतला नव्हता.

अण्णांच्या बागेला लागून जुन्या वाड्याच्या थाटाचं एक हॉटेल आहे. दगडी जोतं, लाकडी खांब, मधोमध चौक. हॉटेलवाल्यांना शेजारी अण्णांच्या जमिनीवर टाइमशेअरची इमारत बांधायची होती. जमीन 30 वर्षांच्या पट्ट्यावर, आणि सभासदत्व 25 वर्षांचं: एकदाच पैसे भरायचे, मग दरवर्षी ठरलेले दिवस येऊन राहायचं.

मुलगा उत्साहात होता. "मॅडम, हे डिस्नेचं मॉडेल आहे. थीम हॉटेल आणि शेजारी टाइमशेअर." प्रकल्प अहवालात फोटोही होते.

उदाहरण चांगलंच निवडलं होतं, म्हणून मी ते मुळापासून सांगितलं. फ्लोरिडात डिस्नेने टाइमशेअरचा धंदा 1991 मध्ये सुरू केला. 1994 मध्ये वाइल्डरनेस लॉज हे हॉटेल उघडलं. वास्तुविशारद पीटर डॉमिनिक, आणि धाटणी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ओल्ड फेथफुल इनसारख्या जंगलातल्या भव्य लाकडी लॉजची. नोव्हेंबर 2000 मध्ये त्याला लागून टाइमशेअरच्या व्हिला आल्या. त्यांची सजावट हॉटेलची नुसती नक्कल नव्हती. पश्चिमेकडे रेल्वे नेणाऱ्या कामगारांच्या कारागिरीची आठवण तिथे जपली होती. शेजारच्या हॉटेलशी नातं सांगायचं आणि तरी स्वतःचा चेहरा ठेवायचा, हे मला त्यातलं फार आवडतं.

पण नकाशाइतकाच करार महत्त्वाचा. तिथे जमीन कायमची विकलेली नाही, आणि त्या व्हिलांमधला प्रत्येकाचा हक्क 31 जानेवारी 2042 ला संपतो. 2000 साली घेतला त्याचाही, 2020 मध्ये कुणाकडून सेकंडहँड घेतला त्याचाही. उशिरा येणाऱ्याला तितकी वर्षं कमी. पुढे 2017 मध्ये मूळ हॉटेलचाच एक भाग टाइमशेअरमध्ये बदलून कॉपर क्रीक केलं, त्याची मुदत 2068 पर्यंत. आवार एक, मुदती दोन, पण एका प्रकल्पातल्या सगळ्यांची तारीख एकच.

अण्णा आतापर्यंत गप्प होते. मसुदा इंग्रजीत होता, त्यांनी तो वाचलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "ताई, आपल्याकडची पंचवीस वर्षं कधीपासून मोजायची?"

"ज्याने ज्या दिवशी पैसे भरले, त्या दिवसापासून."

"मग दहाव्या वर्षी जो येईल त्याचं पस्तिसाव्या वर्षी संपणार. जमीन तर तिसाव्या वर्षी माझ्या नातवाकडे यायची. मधली पाच वर्षं ती माणसं राहणार कुठं?"

त्याच कलमाखाली मी लाल रेघ मारून ठेवली होती. अण्णा कागदाला हात न लावता तिथे पोचले. भलेभले प्रकल्प सल्लागार जिथे पोचत नाहीत, तिथे जमीन परत कधी येते एवढंच बघणारा माणूस पोचला. मला मनापासून आदर वाटला.

मी कायदा समजावला. पट्टेदाराला स्वतःकडे आहे त्याहून जास्त हक्क दुसऱ्याला देता येत नाही. पट्टा संपला की सभासदाच्या पायाखालची जमीनच सरकते, पण त्याचे पैसे तर आधीच गेलेले असतात. फ्लोरिडात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा आहे, घेणाऱ्याला 10 दिवसांत करार रद्द करता येतो. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. ग्राहकाला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे, आणि तक्रार तो राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे इमारत गिरणाऱ्याजवळ असली तरी नोटीस नागपूरहून यायची.

"आणि त्यात माझ्या नातवाचं नाव?"

"जमीनमालक म्हणून ते ओढलं जाऊ शकतं."

मुलाने लॅपटॉप मिटला आणि वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली.

दुपारभर आम्ही मसुदा नव्याने बांधला. सगळ्या सभासदत्वांचा शेवट एकाच तारखेला, पट्टा संपायच्या एक वर्ष आधी. ती तारीख प्रत्येक प्रमाणपत्रावर गट नंबरासह, ठळक अक्षरांत. पट्टा नोंदणीकृत. वार्षिक देखभाल शुल्कातला ठरावीक वाटा मोठ्या दुरुस्त्यांसाठी वेगळ्या खात्यात, कारण विसाव्या वर्षी छत गळायला लागलं की नवे सभासद मिळत नाहीत आणि जुने जास्त पैसे द्यायला तयार नसतात.

हॉटेलवाल्यांनी तारखेची अट मान्य केली. दुरुस्तीच्या खात्यावर त्यांची कुरकूर चालू आहे, आणि ते कलम काढायचं नाही असं अण्णांनी मला बजावून सांगितलं आहे. तोवर सातबारा आहे तसा, बागही उभी आहे.